पहिला पलंग घरच्या घरी : कोल्हापूरच्या हवेत टिकणारं लाकूडकाम

माझ्या पहिल्या पलंगाची उशाकडची फळी मार्चमधल्या एका दुपारी तडकली. घर शांत होतं आणि एकदम खाडकन आवाज आला. जाऊन पाहिलं तर फळीच्या या टोकापासून जवळजवळ त्या टोकापर्यंत चीर गेली होती. लाकूड चांगलं सागवानी होतं, फेविकॉल भरपूर लावलेला होता, आणि फळी चारही बाजूंनी चौकटीत घट्ट चिकटवून वर खिळेही मारले होते. चूक नेमकी तीच होती. पलंग बांधला होता ऑगस्टमध्ये. पावसाळ्यात हवेतलं पाणी पिऊन फुगलेली फळी उन्हाळा लागताच आकसायला लागली. आकसायला तिला जागा नव्हती, म्हणून ती फाटली.

तेव्हापासून कोणी विचारलं की सुरुवात कशी करू, तर मी आधी हत्यारांबद्दल नाही, पावसाबद्दल बोलते. आपल्याकडे मे महिन्यात लाकूड कडक वाळतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्याच लाकडाला ओल धरते. पट्टी लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र बदलते. बारा इंच रुंदीची सागाची फळी मे ते ऑगस्टमध्ये साधारण एक सूत इकडेतिकडे होते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ऐकायला थोडं वाटतं, पण तेवढ्यानेच ड्रॉवर अडकतो, दार लागत नाही आणि फळी फाटते. पुढे दिलेल्या बहुतेक कृती या एका सुताला जागा ठेवण्यासाठी आहेत.

इथे ७५ बाय ३६ इंचांच्या गादीचा एकेरी पलंग धरून सांगते. कपाटाच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका, दारं आणि कप्पे सांभाळणं नवख्याला जड जातं. हात अगदीच कोरा असेल तर आधी एक चौरंग करा. चार पाय, चार पट्ट्या, वर फळी. पलंगाचे सगळे सांधे त्यात लहान आकारात येतात, आणि गणपतीला तो कामीही येतो.

जागा आणि वेळ

दहा बाय आठ फूट जागा पुरते. पार्किंगचा कोपरा, पडवी, मागची गॅलरी, काहीही चालेल, फक्त वरून पाणी गळता कामा नये आणि समोरून पावसाची झड येता कामा नये. काम करायचं टेबल कमरेच्या उंचीचं आणि जड हवं. रंधा मारताना ते हललं तर सगळी मेहनत वाया जाते. जुन्या दाराची फळी दोन मजबूत घोड्यांवर टाकून भिंतीला टेकवली तरी काम भागतं.

लाकूड दिवाळीनंतर घ्या. पंचगंगा नदीच्या पातळीकडे सगळ्या शहराचं लक्ष असतं, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांचा इशारा आणि ४३ फुटांचा धोका रोज ऐकू येतो, त्या दिवसांत वखारीतलं लाकूडही ओलं असतं. नोव्हेंबरात आणलेलं लाकूड ज्या खोलीत पलंग राहणार त्या खोलीत महिना-दीड महिना ठेवा. खाली आणि प्रत्येक थरात एकसारख्या जाडीच्या काड्या घाला म्हणजे हवा खेळते. जानेवारीत कामाला लागा आणि एप्रिलमध्ये वळीव सुरू व्हायच्या आत पॉलिश उरका.

लाकूड कोणतं

टिंबर मार्केटातल्या वखारीत पहिल्यांदा गेलात की समोर मोठाले ओंडके पाहून दबायला होतं. दबू नका. मोजमाप घनफुटात असतं आणि हिशोब सोपा आहे. जाडी इंचात, रुंदी इंचात, लांबी फुटात, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागा. सहा फूट लांब, चार इंच रुंद, दीड इंच जाड पट्टी म्हणजे ३६ भागिले १४४, पाव घनफूट. आपल्या एकेरी पलंगाला तयार मापाने सव्वादोन घनफुटांच्या आसपास लाकूड लागतं. कापण्यात, रंधण्यात आणि गाठी काढण्यात जाणारं धरून तीन घनफूट घ्या.

साग उत्तमच. त्यात तेल असतं, तो हलतो कमी आणि त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. मात्र सागात वाळूसारखे बारीक कण असतात, त्यामुळे पटाशीची (लाकूड तासायच्या छिन्नीची) धार लवकर जाते. कोकणातून येणारा फणस मला फार आवडतो. पिवळाधमक असतो, वर्षागणिक गडद होत जातो आणि हत्याराखाली सागापेक्षा मऊ लागतो. शिवणही पहिल्या कामाला चांगली, हलकी आणि कमी वाकणारी. बाभूळ मजबूत आहे पण नवख्याचा हात थकवते. आंब्याचं लाकूड स्वस्त म्हणून घ्यायचं असेल तर आधी त्याला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यातल्या द्रावणाची प्रक्रिया हवीच, नाहीतर भुंगा लागून पलंगाखाली रोज पिठासारखा भुसा पडतो.

फळीच्या कडेला फिकट, पांढरट पट्टा दिसतो, तो सालीकडचा कच्चा भाग. साग असला तरी त्या पट्ट्याला कीड लागते. तो भाग मापात धरून विकत असतील तर तसं स्पष्ट बोला आणि कापून टाकायचा हिशोब ठेवा.

पाडलेल्या वाड्यांची तुळई आणि चौकटी मिळाल्या तर सोडू नका. शंभरीतलं लाकूड हलायचं तेवढं हलून झालेलं असतं. फक्त करवत लावण्याआधी लोहचुंबक फिरवून लपलेले खिळे शोधा. गावाकडे बांधावरचा स्वतःचा साग तोडून आणायचा विचार असेल तर वन खात्याची परवानगी आणि वाहतूक पास आधी घ्या. साग, आंबा, फणस ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या शेतातली असली तरी.

लाकूड वाळलंय का, हे ठोकून किंवा हाताला गार लागतंय का यावरून सांगणारे पुष्कळ भेटतील. माझ्या शेजारचे मिस्त्री फळी गालाला लावून सांगायचे, "ताई, हे अजून ओलं हाय, ठिवा आणि पंधरा दिस." ते चुकत नसत, पण तो अंदाज यायला चाळीस वर्षं लागतात. आपण वजन करू. फळीच्या टोकापासून फूटभर आतली एक चकती कापा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. ओव्हनमध्ये शंभर अंशांवर ठेवून दर तासाला तोलत राहा, वजन उतरायचं थांबलं की थांबा. चकती ११५ ग्रॅमची १०० ग्रॅम झाली तर ओलावा पंधरा टक्के. बेडरूमच्या फर्निचरला दहा ते बारा टक्के हवा. पंधराच्या वर असेल तर लाकूड परत काड्यांवर रचा.

प्लायवूडबद्दल एवढंच सांगते. घ्यायचंच असेल तर त्यावर भारतीय मानकाचा आयएस ३०३ किंवा पाण्याला जास्त टिकणाऱ्या मरीन प्लायचा आयएस ७१० हा शिक्का पाहा. भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचा पलंग मात्र मी कोणाला सुचवत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर शुक्रवार पेठेत आणि सुतारवाड्यात घराबाहेर काढून ठेवलेलं फर्निचर ज्यांनी पाहिलं असेल त्यांना कारण सांगायला नको. बोर्ड पावासारखे फुगले होते. त्याच घरांतले जुने सागवानी पलंग लोकांनी धुतले, सावलीत वाळवले आणि पुन्हा वापरात घेतले.

हत्यारं

दुकानात गेलात तर यादी संपणार नाही. सुरुवातीला एक बारीक दात्यांची आणि एक मोठ्या दात्यांची करवत, एक लोखंडी रंधा, तीन सूत आणि सहा सूत रुंदीच्या दोन पटाश्या, लाकडी मोगरी, काटकोन तपासायचा गुण्या, कडेला समांतर रेघ ओढायचं मार्किंग गेज, स्टीलची पट्टी, ड्रिल आणि चार फुटी दोन क्लॅम्प घ्या. लाकूड उभं चिरायचं आणि जाडी एकसारखी करायची ती सॉ मिलमध्येच मशीनवर करून घ्या. हाताने दोन दिवस जातात ते काम तिथे तासाभरात होतं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. फरशी कापायचं कटर लाकडाचं पातं लावून वापरताना तुम्ही अनेकांना पाहाल, तेही वरचं गार्ड काढून. नवख्याने ते हातात घेऊ नये. लाकडात पातं अडकलं की मशीन उलटं अंगावर येतं.

नवी पटाशी धारदार नसते, दुकानातून आणल्यावर तिला धार लावावीच लागते. दगडावर तेल टाका, पंचवीस अंशांचा उतार दगडाला पूर्ण टेकवा आणि कोन न बदलता पुढेमागे घासा. पाठीमागच्या बाजूला बोटाला खरखरीत कडा लागली की पटाशी उलटी करून, पाठ पूर्ण सपाट ठेवून दोन-तीन हात मारा. लाकडाच्या टोकाकडचा भाग तासून पाहा. काप गुळगुळीत, चकाकता आला तर धार आहे. भुगा पडला तर पुन्हा दगडावर. बोथट पटाशीला जास्त जोर द्यावा लागतो आणि ती घसरते, हाताला लागतं ते त्यामुळेच. काप घेताना दुसरा हात नेहमी पटाशीच्या मागे ठेवा, पुढे कधीच नाही.

मास्क एन-९५ घ्या, रुमालाने भागत नाही. लाकडाचा बारीक भुसा वर्षानुवर्षं श्वासातून जात राहिला तर नाकाचा कर्करोग होऊ शकतो, हे सिद्ध झालेलं आहे. सागाच्या भुशाने काहींच्या अंगाला खाजही सुटते.

मापं

आधी गादी मोजा. दुकानातलं लेबल वाचून काम करू नका, टेप लावा. गादीपेक्षा आतली जागा लांबी-रुंदीत एकेक इंच जास्त ठेवा, चादर खोचायला लागते. म्हणजे आत ७६ बाय ३७.

उंची घरातल्या वयस्क माणसाला बसवून ठरवा. जमिनीपासून गादीचा वरचा भाग अठरा इंच असेल तर बहुतेकांना उठता-बसता सोपं जातं. गादी पाच इंचांची धरली तर आडव्या पट्ट्यांचा वरचा भाग तेरा इंचांवर येतो. बाजूच्या पट्ट्या पाच इंच रुंद, सव्वा इंच जाड, आणि त्यांची वरची कड साडेचौदा इंचांवर. गादी दीड इंच आत बसते, सरकत नाही. खाली साडेनऊ इंच मोकळे राहतात, केरसुणी आरामात जाते.

पाय अडीच इंच चौरस. उशाकडचे ३६ इंच उंच, पायथ्याचे १८. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने खूण करा, उशाकडे डावा, उशाकडे उजवा, आणि आतली बाजू कोणती तेही. चार पाय हातात घेतल्यावर सारखेच दिसतात, आणि चुकीच्या बाजूला पाडलेली खाच भरून येत नाही.

कुसू आणि खाच

पलंगाचा जीव इथे आहे, म्हणून इथे घाई नको. उशाकडची चौकट आणि पायथ्याची चौकट अशा दोन चौकटी आपण कायमच्या चिकटवणार आणि त्या दोन्हींना जोडणाऱ्या लांब पट्ट्या बोल्टने बसवणार. पेठेतले जिने अरुंद असतात, सांधलेला अख्खा पलंग वळणावर फिरत नाही.

पट्टीच्या टोकाला जी जीभ काढायची तो कुसू, आणि पायात तिच्यासाठी जे भोक करायचं ती खाच. कुसूची जाडी पट्टीच्या जाडीच्या एक तृतीयांश. सव्वा इंच म्हणजे दहा सूत, त्याचा तिसरा भाग तीन सुतांच्या थोडा वर, म्हणून आपली तीन सुताची पटाशी नेमकी बसते. मार्किंग गेज पटाशीच्या रुंदीला एकदा लावलं की सगळे सांधे होईपर्यंत हलवू नका. कुसू दीड इंच लांब, आणि पाच इंच रुंदीच्या पट्टीला वर-खाली अर्धा अर्धा इंच सोडून चार इंच रुंद.

खाच आधी करा, कुसू नंतर. खाच मोठी-लहान करता येत नाही, कुसू मात्र तासून बसवता येतो. तीन सुतांपेक्षा थोड्या बारीक पात्याने ड्रिलने ओळीत भोकं पाडा, खोली दीड इंच आणि वर अर्धा सूत. पात्यावर त्या मापाला टेपचा तुकडा गुंडाळा, नजरेचा अंदाज घेऊ नका. मग पटाशी उभी धरून दोन्ही बाजू सरळ करा. भिंती आतल्या बाजूला तिरक्या होत नाहीत ना, हे गुण्या आत टाकून पाहा.

कुसू कापताना करवत रेघेच्या बाहेरच्या बाजूने चालवा. रेघ कुसूवर राहिली पाहिजे. कुसू जिथून सुरू होतो त्या पायरीची, म्हणजे खांद्याची रेघ मात्र चाकूने आखा, पेन्सिलीने नाही. चाकूच्या चिरेत करवतीचे दाते बसतात आणि खांदा कडेला फुटत नाही. आता कुसू खाचेत घालून पाहा. हाताने ढकलल्यावर गेला पाहिजे आणि पाय उचलला तर पट्टी खाली पडता कामा नये. मोगरीने ठोकावं लागत असेल तर कुसू जाड आहे, तसाच ठोकला तर पाय चिरतो. आपोआप घसरून जात असेल तर सैल आहे, फेविकॉल ती पोकळी भरून काढत नाही. सैल कुसूवर त्याच लाकडाचा पातळ छिलका चिकटवून वाळू द्या आणि पुन्हा तासा.

पहिला सांधा अर्धा दिवस घेईल, चौथा तासाभरात होईल.

उशाकडची फळी

वरच्या पट्टीत आणि खालच्या पट्टीत तीन तीन सुतांची लांब खाच पाडा आणि बारा इंच रुंदीची फळी त्यात आडवी बसवा. फळीतल्या तंतूंच्या रेषा आडव्याच असू द्या. ती वर-खाली फुगेल-आकसेल, म्हणून तिथे जागा हवी. मे महिन्यात बांधत असाल तर वर आणि खाली मिळून दोन सूत मोकळे ठेवा, फळी पावसात तिकडे सरकेल. पावसाळ्यात बांधायची वेळ आलीच तर अर्धा सूत पुरे, तेव्हा ती आधीच फुगलेली असते. कडेला फेविकॉलचा थेंबही लागू देऊ नका. खिळा नको. फार तर प्रत्येक पट्टीच्या मध्यभागी एक छोटी लाकडी खुंटी चालेल.

आणि फळी चौकटीत बसवण्याआधी तिला दोन्ही बाजूंनी पॉलिश करून घ्या. मागची बाजू भिंतीकडे जाते म्हणून कोरी सोडली तर ती एका बाजूने जास्त ओल पिते आणि फळीला बाक येतो. शिवाय उन्हाळ्यात फळी आकसली की खाचेतून कोऱ्या लाकडाची फिकट रेघ बाहेर दिसते.

चिकटवणी

आधी सगळं कोरडं जोडून पाहा. क्लॅम्प किती लागतात, कुठे लागतात, ठरवून ठेवा, कारण फेविकॉल लावल्यावर दहा मिनिटांत हात चालला पाहिजे. खाचेच्या दोन्ही भिंतींना आणि कुसूला पातळ थर द्या. क्लॅम्प आवळा, पण लाकडाच्या तोंडाला दुसऱ्या लाकडाचा तुकडा लावून, नाहीतर लोखंडाचा ठसा उमटतो. लगेच कर्ण मोजा. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं माप दोन्ही बाजूंनी सारखं हवं. फरक असेल तर लांब कर्णाच्या दिशेने क्लॅम्प थोडा तिरका करून आवळा. सांध्यातून बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्याने तिथल्या तिथे पुसा. वाळला तर त्या जागी पॉलिश शिरत नाही आणि डाग कायमचा राहतो. एक दिवस चौकटीला हात लावू नका.

चौकटी वाळल्यावर लांब पट्ट्यांची पाळी. पट्टीच्या टोकाला अर्ध्या इंचाचा आखूड कुसू ठेवा, तो नुसता जागेवर धरून ठेवायला. मग पायातून पट्टीत आरपार आठ मिलिमीटरची भोकं, प्रत्येक कोपऱ्याला दोन. ही भोकं चिकटवलेल्या कुसूतून जातात, म्हणून चौकट वाळल्याशिवाय पाडू नका. सहा इंची बोल्ट आणि बॅरल नट, म्हणजे पट्टीतल्या आडव्या भोकात बसणारे गोल नट, लागतात. हव्या मापाचे मिळाले नाहीत तर शिवाजी उद्यमनगरात लेथवर कोणीही करून देतं. लोखंडाचं काम कोल्हापूरला सांगावं लागत नाही.

आडव्या पट्ट्या तीन इंच रुंद, सहा सूत जाड, एकूण चौदा. मधली फट सव्वादोन इंच ठेवली तर ७६ इंचांत हिशोब बरोबर बसतो. लांब पट्ट्यांच्या आतून इंचभर चौरस आधारपट्टी स्क्रूने बसवा आणि या पट्ट्या तिच्यावर एकेका स्क्रूने. फट असल्यामुळे गादीखाली हवा खेळते आणि पावसाळ्यात गादीला कुबट वास येत नाही.

पॉलिश

पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २२० या क्रमाने, नेहमी रेषेच्या दिशेने. आडवा घासलेला एक ओरखडा आधी दिसत नाही, पॉलिशखाली मात्र ठळक दिसतो.

पहिल्या कामाला स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख घ्या. मऊ सुती कापडाचा बोळा, पातळ हात, वाळू द्या, पुन्हा हात. सात-आठ हातांनंतर लाकूड आतून उजळल्यासारखं दिसायला लागतं. ढगाळ, दमट दिवशी हे काम करू नका, पॉलिश दुधाळ पांढरं पडतं. जवळ निरांजन किंवा गॅस नको, स्पिरिट पेटतं. अळशीचं तेल वापरणार असाल तर तेलाची फडकी चुरगळून टाकू नका. ती आपोआप तापतात आणि पेटू शकतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.

पलंग खोलीत नेऊन जोडला की बोल्ट आवळा. दिवाळीनंतर एकदा आणि शिमग्याला एकदा पाना लावून पाहा, लाकूड आकसलं की बोल्ट सैल होतात. उशाकडच्या फळीला मागच्या बाजूने, जिथे ती खाचेत शिरते तिथे, ऑगस्टमध्ये पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवा. मे महिन्यात ती रेघ खाचेपासून बाहेर सरकलेली असेल. किती सरकली ते पट्टीने मोजा आणि वहीत लिहा. दुसऱ्या पलंगाची खाच त्याच मापाने पाडा.